हॉल बघायला आलेल्या बाई

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात दोनच विषय होते: नळ गळतोय आणि हॉल मिळत नाही. नळाचं खापर प्लंबरवर फोडता येत होतं. हॉलचं बाबांवर फुटत होतं, आणि ते वाजवी होतं.

लेकीचं लग्न ठरून महिना होत आला होता. मुलगा दातांचा डॉक्टर. स्वभावाने गरीब, पण समोरच्याशी बोलताना त्याची नजर डोळ्यांवरून हळूहळू खाली घसरे आणि जबड्यावर स्थिर होई. त्यामुळे लेकीची आई त्याच्यासमोर तोंडावर हात ठेवूनच हसे. मुलाची आई निवृत्त मुख्याध्यापिका. तिला सगळं गाव 'बाई' म्हणे, मुलगाही. लग्न साधं करायचं, दुपारी नोंदणी कार्यालयात सह्या आणि संध्याकाळी एखाद्या हॉलमध्ये जेवण, यावर दोन्ही घरांचं पहिल्याच बैठकीत एकमत झालं. एकमत झालं की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी हॉल शोधलेला नसतो.

नोंदणी कार्यालयातला कारकून म्हणाला, "तारीख देतो की. फक्त अर्जात समारंभाचं ठिकाण लिहा."

हॉलवाला म्हणाला, "ठिकाण देतो की. फक्त आधी तारीख पक्की करून आणा."

या दोघांच्या मधे लेकीने इतके हेलपाटे घातले की बसचा कंडक्टर तिला 'आज काय म्हणतात ते?' असं विचारू लागला. शेवटी कारकुनानेच मोठ्या मनाने 'ठिकाण नंतर कळवू' असं लिहून घेतलं आणि वर बजावलं, "नोटिशीला मुदत आहे. तेवढ्यात लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून." 'पुन्हा पहिल्यापासून' हे शब्द त्याने इतक्या तृप्तीने उच्चारले की त्यासाठीच तो सकाळी उठून ऑफिसला येत असावा.

समोरच्या फ्लॅटमधले काका या विषयातले जाणकार होते. त्यांना तीन मुलगे, आणि तिघांनीही त्यांना न कळवता परस्पर लग्नं उरकली होती. त्यामुळे त्यांचं ज्ञान वापरावाचून कोरं करकरीत पडून होतं. "हॉल बघायला गेलं की पहिलं काय बघायचं?" ते विचारत, आणि उत्तराची वाट न पाहता सांगत, "संडास. संडास बघायचा आणि परत यायचं. बाकी सगळं आपोआप कळतं."

बाबा संडास बघत नसत. बाबा दारं बघत.

बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झाले होते. हे ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शिडी येई, धूर येई, खांद्यावर बेशुद्ध मूल येई. प्रत्यक्षात बाबा बंबावर नव्हते, टेबलावर होते. इमारत तपासायची आणि दाखला द्यायचा किंवा नाकारायचा, एवढंच त्यांचं काम. सबंध नोकरीत त्यांनी एकच आग जवळून पाहिली. ती ऑफिसातल्या कचऱ्याच्या डब्यात लागली होती आणि शिपायाने त्यात स्वतःचा चहा ओतून ती विझवली. पण माणसाची नोकरी सुटते, नजर सुटत नाही. कुठेही गेलं की बाबा आधी बाहेर पडायची वाट शोधत. सिनेमाला गेलं की पडद्यावर नावांच्या पाट्या पडत असताना ते उठून चारी दारं उघडून बघत, आणि अंधारात प्रकाशाच्या चार तिरिपी पडून चारदा लोक ओरडत.

लहानपणी लेकीला याची गंमत वाटे. मोठी झाल्यावर ती त्यांच्यापुढे चार पावलं चालू लागली. ती ग्रंथालयात काम करायची, तिचं वाचन दांडगं होतं. असा बाप एखाद्या कादंबरीत भेटला असता तर तिने त्याच्यावर जीव टाकला असता. पण कादंबरीतले बाप पुस्तक मिटलं की आत राहतात. बाबा बाहेरच असत.

पहिल्या हॉलचं दार आत उघडत होतं. "नापास," बाबा म्हणाले.

"अहो, आत उघडलं काय नि बाहेर उघडलं काय," मॅनेजर म्हणाला, "पाहुणे येतात ना?"

"येतात हो. जायचं कसं?"

"जायला कोण सांगतंय त्यांना?" मॅनेजर म्हणाला. आदरातिथ्य म्हणून हे उत्तर चांगलं होतं, पण बाबांचं समाधान झालं नाही.

दुसऱ्या हॉलमध्ये मागच्या दारापुढे खुर्च्यांची थप्पी होती. बाबांनी न बोलता ती हलवायला घेतली. लेक आणि मॅनेजर दराबद्दल बोलत असताना मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत राहिले. तिसऱ्या हॉलमध्ये 'बाहेर' अशी ठळक पाटी होती आणि तिच्यावरचा बाण भिंतीकडे होता. बाबा बाणाच्या दिशेने चालत गेले आणि भिंतीला नाक लावून उभे राहिले. पाच मिनिटं झाली तरी हलेनात, तेव्हा मॅनेजरने लेकीला हळूच विचारलं, "यांना बरं आहे ना?"

"मी बाहेर पडतोय," बाबा भिंतीला म्हणाले.

हॉलचे मॅनेजर एकमेकांचे वैरी असतात, पण संकटात एक होतात. फोनाफोनी झाली असावी. चौथ्या ठिकाणी लेकीने नाव सांगताच उत्तर आलं, "जागा नाही."

"मी तारीख सांगितलीच नाही अजून."

"हो, पण नाही."

आता गावात एकच बरा हॉल उरला होता, सगळ्यांत मोठा. तिथे लेकीने फोनवर नावच सांगितलं नाही, 'बघायला येते' एवढंच म्हणाली. आणि त्या दिवशी सकाळी, गळत्या नळाखाली बादली सरकवत, तिने बाबांना अट घातली. "तुम्ही या, पण फाटकाशी थांबा. मी ग्रंथालयातून थेट येते. मी आल्याशिवाय आत जायचं नाही. आणि आत गेल्यावर बोलायचं नाही."

"बघायचं तरी?"

"बघा. पण चेहऱ्यावर दिसू देऊ नका."

"बरं मॅडम," बाबा म्हणाले. रुसले की ते तिला मॅडम म्हणत.

त्या संध्याकाळी काय झालं हे लेकीने नंतर तुकडे जोडून जमवलं. बाबा वेळेच्या बरेच आधी पोचले. फाटकाशी थांबले. आत कोणाच्या तरी लग्नाचं जेवण चालू होतं, हॉल गच्च भरला होता. भरलेला हॉल तपासायची संधी बाबांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. दाखला नेहमी रिकाम्या हॉलला देतात. रिकाम्या हॉलमधून बाहेर पडणं कोणालाही जमतं. कोंबडीलाही जमेल.

ते आत गेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आवाजात ऑफिसची सवय. कडेच्या टेबलापाशी वाकून ते अदबीने म्हणाले, "तुमचं दार ते डावीकडचं. एकदा जाऊन बघता का?" पेन लावलेला माणूस अदबीने काही सांगतोय म्हटल्यावर लोक उठले. शेजारच्या टेबलाला वाटलं, बाहेर फोटो आहे. त्याच्या पलीकडच्याला वाटलं, आइस्क्रीम बाहेर ठेवलंय. मुलाकडचे उठले म्हणून मुलीकडचे उठले, कारण मागे राहून चालणार नव्हतं. बाबा मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी वाटा दाखवत होते. ना धक्काबुक्की, ना आरडाओरड. थोड्याच वेळात सगळा हॉल ताटं हातात धरून रस्त्यावर उभा होता, आणि आत स्टेजवर नवरानवरी दोघंच उरली होती. पाहुण्यांना आपण असे कसे आवडेनासे झालो, याचा ती विचार करत होती.

नेमकी याच वेळी लेक बसमधून उतरली.

तिने रस्ताभर ताटं पाहिली. पलीकडचा पानवाला दुकान सोडून मजा बघायला आला होता. गर्दीच्या मधे मॅनेजरने बाबांचं कोपर धरलं होतं, आणि नवरीचा मामा की कोण तो, हातातला चमचा बाबांच्या छातीवर रोखून, "कोणी बोलावलं तुम्हाला? कोणाकडून आलात?" असं पुन्हापुन्हा विचारत होता. बाबा उत्तर देत नव्हते. बोलायचं नाही ही अट ते आता पाळत होते.

बाबांनी तिला पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. भिंतीवरचा बाण अखेर दाराकडे वळावा तसा.

त्यांची नजर कुठे गेली ते मॅनेजरने पाहिलं. "मॅडम, हे तुमच्यातले का?" त्याने विचारलं.

सगळी ताटं तिच्याकडे वळली.

"नाही," लेक म्हणाली. "मी हॉल बघायला आलेय."

एवढं बोलून झाल्यावरही ते परत घ्यायला वेळ होता. अर्धं मिनिट तरी होतं. बाबांनी तेवढंही ठेवलं नाही. ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. मी एकटाच आलोय." मग मॅनेजरच्या हातातून कोपर हलकेच सोडवून घेत ते तिच्याकडे वळले आणि अनोळखी बाईशी बोलावं तसं, जरा अंतर राखून म्हणाले, "ताई, हॉल चांगला आहे हा. दारं बाहेर उघडतात. घ्या तुम्ही."

आणि बसथांब्याकडे चालू लागले.

खोटं बोलणाऱ्याला ते निस्तरावंही लागतं. हॉल बघायला आलेल्या बाईला हॉल बघणं भाग होतं. मॅनेजरने झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून तिला सगळं दाखवलं: स्वयंपाकघर, कपडे बदलायची खोली, पंख्याची बटणं, संडाससुद्धा. ती प्रत्येक गोष्टीला 'वा' म्हणत होती. खिडकीतून बसथांबा दिसत होता, थांब्यावर बाबा दिसत होते, आणि मॅनेजर विचारत होता, "जेवायला टेबलं गोल हवीत की लांब?" ती बाहेर आली तेव्हा बस गेली होती.

घरी बाबा नळाखालची बादली रिकामी करत होते. आईने विचारलं, "तुम्ही दोघं वेगवेगळे कसे आलात? हॉल कसा होता?"

लेकीने तोंड उघडलं, पण बाबाच आधी बोलले. "पास. पहिल्यांदाच एक पास झाला. आणि तिथे एक बाई भेटल्या. हॉल बघायला आल्या होत्या."

"कोण बाई?"

"मी ओळखत नाही. चांगल्या घरच्या वाटल्या." त्यांनी बादली पुन्हा नळाखाली ठेवली, नीट मधोमध. "जरा घाबरलेल्या होत्या. मी म्हटलं, घ्या."

त्यांच्या आवाजात टोमणा होता की चेष्टा, हे लेकीला कळेना. टोमणा असता तर माफी मागता आली असती. चेष्टा असती तर हसता आलं असतं. दोन्ही उद्यावर टाकून ती झोपली. सकाळी दाढी करता करता बाबा आरशासमोर खाली बसले आणि उठले नाहीत.

पुढचे दिवस माणसांचे गेले. माणसं येत, हळू बोलत, चहा नको म्हणत आणि पीत. समोरचे काका रोज येत. दुःखात माणसाचं मन दुसरीकडे वळवावं, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यासाठी ते विजेच्या बिलापासून मूळव्याधीपर्यंत काहीही सांगत. एका संध्याकाळी ते म्हणाले, "वहिनी, एक किस्सा ऐका. त्या मोठ्या हॉलवर म्हणे एक वेडा म्हातारा घुसला. डोक्यावर हेल्मेट, तोंडात शिट्टी. शिट्टी फुंकून सगळं लग्न रस्त्यावर आणलं त्याने. ताटं घेऊन उभे सगळे. एक बाई हॉल बघायला आली होती बिचारी, तिला तर भोवळच आली."

आणि आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. तोंडावर हात न ठेवता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "अगं बाई. आमच्या ह्यांना भेटायला हवा होता तो. दोघांचं छान जमलं असतं."

लेक चहाचे कप उचलून आत गेली. आईचं पहिलं हसू मोडायचं कसं, असं तिने स्वतःला विचारलं. प्रश्न रास्त होता. पण त्याचा आपल्याला फार सोयीने आधार सापडलाय, हेही तिला कळत होतं. इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला स्वतःची लबाडी ओळखता येते. त्याचा उपयोग काही होत नाही, एवढंच.

किस्सा गावभर फिरत होता. डॉक्टरला तो एका पेशंटने सांगितला, तोही तोंडात कापसाचे बोळे असताना. त्यामुळे त्या आवृत्तीत म्हाताऱ्याबरोबर एक कुत्रा होता. डॉक्टरने तो बाईंना आणि लेकीला जेवताना सांगितला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी घास संपवला आणि म्हणाल्या, "मला त्या माणसापेक्षा त्याच्या घरच्यांची कमाल वाटते. लक्ष नको का ठेवायला? असं मोकाट सोडायचं?"

"हो ना," लेक म्हणाली.

म्हणून गेल्यावर तिला त्या दोन शब्दांची चव घरी पोचेपर्यंत तोंडात जाणवत राहिली. हॉलवर निदान घाबरली होती. इथे कसली भीती होती? कोणी चमचाही रोखला नव्हता.

लग्न पुढे ढकलावं, असं तिने सुचवून पाहिलं. डॉक्टर लगेच तयार झाला. पण कारकुनाने आपला आवडता शब्दप्रयोग पुन्हा काढला, आणि आईने तो ऐकून निर्णय दिला, "मग मुदतीतच करून टाका. त्यांनी एवढे हॉल नापास केले ते काय लग्न अडून बसावं म्हणून?"

"पण हॉल कुठाय?" पास झालेल्या हॉलचं नाव न काढता लेक म्हणाली.

"आहे," बाई म्हणाल्या. त्या मोठ्या हॉलची मालकीण त्यांची विद्यार्थिनी निघाली होती. बाईंनी तिला आठवीत बाकावर उभं केलं होतं. ती अजून त्यांना घाबरत होती. "रविवारी सकाळी सगळ्यांनी बघून घेऊ. तुझ्या आईलाही आण."

रविवारपर्यंत लेकीने ताप यावा म्हणून प्रयत्न केले, पण तब्येत ठणठणीत राहिली. सकाळी हॉलच्या फाटकाशी सगळी जमली: आई, बाई, डॉक्टर, आणि कोणी न बोलावता समोरचे काका. संडासाबाबत तज्ज्ञांचं मत हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. लेक सगळ्यांच्या मागे उभी राहिली. मॅनेजरने पहिल्याच नजरेत तिला ओळखलं.

"अरे, मॅडम तुम्ही! या, या," तो म्हणाला. मग बाईंकडे वळून, "यांनी तर आमचा हॉल ऐन संकटात पाहिलाय. तो वेडा म्हातारा आला होता ना, त्या दिवशी होत्या या इथे."

"म्हणजे हॉल बघायला आलेली ती बाई तू?" काका म्हणाले. आपल्या किश्श्यातलं पात्र रोज समोरच्या दारातून ये-जा करत होतं, हे कळल्यावर त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला. "आणि बोलली नाहीस कधी. भोवळ आली होती ना?"

आई तिच्याकडे बघत होती. एका दिवशी दोन माणसं एकाच हॉलवर गेली होती आणि वेगवेगळी परत आली होती, हे तिच्या ध्यानात येऊ लागलं होतं की नाही, कळत नव्हतं.

मॅनेजर रंगात आला होता. त्याने हा किस्सा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला असावा, कारण कुठे थांबायचं हे त्याला पाठ होतं. इथे तो उभा होता. इथून त्याने शिट्टी मारली. असं हेल्मेट, असं तिरकं. चालायचा असा, पाय फाकवून. मॅनेजर चालून दाखवू लागला. डॉक्टर हसला. काका तर टाळीसाठी हात पुढे करूनच उभे होते. बाईसुद्धा ओठाच्या कोपऱ्यात हसल्या.

"तुम्हीच सांगा ना मॅडम," मॅनेजर म्हणाला. "मी सांगितलं तर लोकांना थाप वाटते. शिट्टी होती की नव्हती?"

"नव्हती," लेक म्हणाली.

"अहो, असं काय. आठवा ना."

"शिट्टी नव्हती. हेल्मेट नव्हतं. कुत्राही नव्हता." तिचा आवाज ग्रंथालयातला होता, तिथे सवयीने हळू बोलावं लागतं. म्हणून सगळे ऐकायला जरा जवळ आले. "इस्त्रीचा शर्ट होता आणि खिशाला पेन होतं. ते कोणावर ओरडले नाहीत. पाय फाकवून चालत नाहीत ते. नव्हते चालत."

मॅनेजर चालायचा थांबला.

"तू ओळखायचीस त्यांना?" बाईंनी विचारलं.

लेकीने आईकडे पाहिलं. आईचा हात तोंडाशी गेला होता.

"बाई, परवा तुम्ही त्यांच्या घरच्यांबद्दल बोललात. मी हो म्हणाले," लेक म्हणाली. मग ती मॅनेजरकडे वळली. "तुम्ही मला विचारलं होतं, हे तुमच्यातले का म्हणून. त्यांच्यासमोर विचारलंत. आता पुन्हा विचारू नका, मीच सांगते. आमच्यातले होते. माझे बाबा होते ते. हा हॉल त्यांनी पसंत केलाय, आम्ही हाच घेणार आहोत."